पाइपाच्या तोंडावरची जाळी

अण्णांनी बसवलेल्या पाइपाच्या तोंडावर जाळी मी लावली होती. हे आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता लिहितानासुद्धा दोनदा उठून दुकानामागं जाऊन आलो. ड्रायर चालू असला की मला बसवत नाही. भिंतीबाहेरची झडप उघडी आहे ना, हे बघून यावंच लागतं.

जालन्यात माझी लॉन्ड्री आहे. दवाखान्यांच्या चादरी, लॉजचे टॉवेल. अण्णा पत्र्याचं काम करायचे. मूळचे वडीगोद्रीचे, आधी कूलरच्या पेट्या करत, मग एमआयडीसीतल्या बियाणं कारखान्यांत धूळ बाहेर काढायचे पाइप बसवू लागले. सदऱ्याच्या खिशात कायम कापसाचा एक पुंजका. चहावाला रोज छेडायचा, "अण्णा, आज कापसाला काय भाव?" अण्णा शांतपणे म्हणायचे, "खिशातल्याला तुझा चहा बी येणार न्हाई."

त्या कापसावर त्यांची सगळी पारख होती. पाइपाचे दोन तुकडे जोडले की दोरीला कापूस बांधून तो आतून ओढायचे. कुठं अडकला, की जोड उकलून पुन्हा पहिल्यापासून. स्क्रूचं टोक आत येऊ द्यायचे नाहीत. "हितं माझा कापूस अडकला, तर उद्या तुमची रुई अडकंल." वाळताना कपड्यांतून जी मऊ लव सुटते, तिला आम्ही रुई म्हणतो. गरम पाइपात ती साठली, तर पेटायला ठिणगीसुद्धा फार होते.

घरमालक भिंत फोडू देईना, तेव्हा मी म्हणालो होतो, हवा मागच्या खोलीतच सोडू, कुणाला कळतंय. ड्रायर गॅसवरचा. अण्णा हत्यारं पिशवीत भरायला लागले. "मंग मशीन वापस करा, भाऊ. जळलेली हवा हाय ती. तिला बाहेरचा रस्ता न्हाई दिला, तर ती माणसाच्या छातीत घुसती." आणि स्वतःच घरमालकाच्या ओसरीवर जाऊन बसले, ते त्याचा होकार घेऊनच उठले. पाइप आखूड, सरळ, मागच्या बोळात काढला. तोंडाला हवेच्या जोरानं उघडणारी हलकी झडप. निघताना एकच ताकीद दिली, तिथं जाळी बिलकुल लावायची नाही.

उन्हाळ्यात बोळापलीकडच्या काकूंच्या कुरडयांवर रुई उडाली. त्या दोनदा भांडून गेल्या. अण्णांना विचारायला हवं होतं, पण ते भोकरदनला कामावर होते आणि मला घाई. झडप वर बांधली, बारीक मच्छरजाळी तारेनं आवळली. पाच मिनिटांचं काम. काकू खूश झाल्या. पंधरा-वीस दिवसांत टॉवेल ओलसर निघायला लागले. मी मशीनची वेळ वाढवत गेलो, मागं जाऊन एकदाही बघितलं नाही.

एका दुपारी पाइप पेटला. इस्त्री करणाऱ्या सुमनबाईंनी धावत जाऊन गॅस बंद केला म्हणून दुकान वाचलं. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. आग विझल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले, आणि मी तेवढ्यात मागं जाऊन पकडीनं जाळी ओढून नाल्यात टाकली. परत आलो तर कुणीतरी विचारलं, पाइप कुणी बसवला होता. मी अण्णांचं नाव सांगितलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. काळ्या पाइपातून त्यांनी कापूस ओढला. काजळी लागून आला, पण अडकला नाही. मग ते बोळात गेले. पाइपाच्या तोंडाशी तारेचा एक वेढा राहून गेला होता. तो त्यांनी सावकाश उकलला.

"भाऊ, हितं काही बांधलं होतं का?"

"न्हाई."

त्यांनी हातातल्या तारेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं. मंग माझंच काही राह्यलं आसंल."

तार त्यांनी खिशात टाकली, कापसाशेजारी. त्याच आठवड्यात नवा पाइप बसवून दिला.

कारखान्यांची कामं मात्र पुन्हा त्यांच्याकडं आली नाहीत. ते परत कूलरच्या पेट्या करायला लागले. रस्त्यात दिसलो की तेच आधी थांबायचे, "झडप बराबर उघडून राह्यली ना, भाऊ?" मी मान हलवून गाडी पुढं काढायचो.

मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले. त्यांचा विलास पत्र्याचंच काम करतो. परवा चहाच्या बाकावर कुणीतरी त्याला म्हणालं, "तुझ्या वडलाच्या पाइपानंच लॉन्ड्री पेटल्ती ना रे?" विलासनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या खिशातून कापूस डोकावत होता. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

त्याच बाकावर, विलास समोर असताना, चारचौघांदेखत मला एवढं सांगायचं आहे. पाइप बराबर होता. जाळी मी लावली होती. मग सुमनबाईंच्या घरी जाऊन तेच सांगायचं आहे. यातलं काहीच मी अजून केलेलं नाही.