स्टेपनीचं पंक्चर

परवा केडगावच्या दुकानात गाडीच्या टायरांत हवा भरून घेत होते. शेजारी कारागीर एका ट्यूबवर सोल्युशन लावत होता. तो उग्र, गोडसर वास आला आणि सुनंदाताई आठवली, माझी थोरली बहीण.

लग्नानंतरची तिची पहिली दिवाळी. आमचे वडील अण्णा आणि मी तिला जीपने श्रीगोंद्याला सासरी सोडायला निघालो होतो. नेहमीसारखी हवा बघायला अण्णांनी इथंच जीप थांबवली, तर स्टेपनी पंक्चर निघाली. ताई एकदम खुलली. नव्या साडीनिशी जुन्या टायरवर बसली, आईने बांधून दिलेली चकल्यांची पुरचुंडी सोडली, मला पुढ्यात बसवून माझी विस्कटलेली वेणी पुन्हा घालू लागली. तिच्या बोटांना उटण्याचा वास होता.

"अण्णा, आता थांबलोच हाय तर गाडी धुऊन पण घ्या की," ती म्हणाली.

"खुळी का काय तू? व्याही वाट बघत असत्याल. झालं पंक्चर, चल, बस."

माझी वेणी अर्धीच राहिली. ती निमूट उठली, साडीवरची धूळ झटकली आणि जीपमध्ये बसली. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. ती दिवाळी तिचं शेवटचं माहेरपण ठरली.

त्यानंतर अण्णा आणि मी पहिल्यांदा इथं हवा भरायला आलो, तेव्हा ते जीपमधून उतरलेच नाहीत. स्टिअरिंग धरून दुकानापुढच्या त्या जुन्या टायरकडे बघत राहिले.

"घटकाभर बसली असती," ते म्हणाले, "तर काय बिघडलं असतं गं माझं?"