जनूचं मनगट

केरू कासू गावचा. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, आणि केरूही तिशी उलटेपर्यंत डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरनं पळालेला. मिठागर बंद पडलं तसा तो रोह्याला एका कंपनीत पावडरच्या गोणी भरायला लागला. तिथं वाटेवरच्या निडी गावच्या जनूनं त्याला गोणीचं तोंड शिवायचं मशीन शिकवलं. चार दिवस केरूच्या वाकड्यातिकड्या शिवणी स्वतः उसवल्या, आणि वर सुपरवायझरला सांगितलं, "माझ्याच हातनं झाल्या."

तेव्हा सुपरवायझर होता. गोणीवरचे सहाही जण त्याला मागनं मनापासून शिव्या घालायचे. दोन वर्षांमागं कंपनीनं त्याला हलवलं आणि सांगितलं, आजपासून तुम्ही टीम. कोण भरणार, कोण शिवणार, कोण थप्पी लावणार, तुमचं तुम्ही ठरवा. दर महिन्याला नवा लीडर. रोज सकाळी फळ्याजवळ उभं राहून अडचणी बोला.

केरू खूश. बायकोला, अनिताला म्हणाला, "आपल्या मिठागरासारखंच हाय गो."

मिठागरावरही पाटी उचलण्याआधी टोळी उभी राहायची. कुणाचा गुडघा धरलाय, कुणाची कंबर गेलीय, ते शेजारच्यानं सांगायचं, कारण ज्याचं दुखतं तो लाजेनं बोलत नाही. मग त्याला मिठाच्या राशीजवळचा, कमी चालायचा टप्पा, हलकी पाटी. त्याचं उरलेलं ओझं बाकीचे वाटून घ्यायचे.

त्याच सवयीनं दिवाळीआधी एका सकाळी केरू फळ्यापुढं बोलला, "जनूदाचं उजवं मनगट गेलंय. गोणी हातातनं सुटते. त्याला थप्पीवर नका घालू, शिवायलाच ठेवा."

त्या दिवशी जनू रजेवर होता. लीडर हर्षदनं लिहून घेतलं आणि जनूच्या नावापुढं लाल ठिपका लावला. केरूला वाटलं, काम झालं. पण टीममध्ये सगळ्यांना सगळी कामं यायलाच हवीत, असा नियम. कंपनीच्या साहेबानं मनगट बरं व्हायला दीड महिना दिला. मनगट काही सुधारलं नाही. मग एक कागद आला: जनूला टीममध्ये ठेवायचं की नाही. चौघांनी 'नाही'वर सही केली. एकट्यानं अडून काय होणार, म्हणत पाचवी केरूनं केली.

जनू कंत्राटी. पुढच्या कंत्राटात त्याचं नाव आलं नाही. युनियनचा दिनानाथ हात झटकून म्हणाला, "साहेब म्हणतो, आम्ही कुठं काढला, त्याच्याच माणसांनी काढला. आता मोर्चा कुणावर नेऊ, तुमच्यावर?"

तेव्हापासून कामावर जाता-येता निडी स्टेशन आलं की केरू गाडीत दुसऱ्या बाजूला तोंड फिरवायचा.

शिमग्याच्या सुमाराला हर्षदनं त्याला गाठलं. "केरूदा, काल भर बाजारात जनूदानं माझी आयमाय काढली. 'माझ्या मनगटाचं तूच बोललास' म्हणतो. मी तुझं नाव घेतलं नाय. पण कवापर्यंत खाऊ शिव्या?"

रविवारी केरू निडीला उतरला. अंगणात जनूची बायको हौसा वालाच्या शेंगा झोडत होती. जनू डाव्या हातानं कचरा वेचत होता.

"ये रं केरू! तू तरी आलास. बाकीचे तोंड चुकवतात. त्या हर्षदचा तर…"

"हर्षद नाय. मी बोललो."

हौसाचा दांडका थांबला.

"तुला हलकं काम मिळावं म्हणून बोललो, जनूदा. मिठागरावर आमच्यात असंच सांगायची रीत…"

जनूनं सगळं ऐकून घेतलं. शेंगेचं टरफल बोटांत चुरलं.

"बोललास ते समजलं. माझ्या बऱ्यासाठी बोललास म्हण. आणि सही? ती पण केलीस काय रं?"

"व्हय."

"मिठागरावर सह्या करायचे?"

हौसा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि केरूच्या पुढ्यात तो जरा जोरातच ठेवला.

"पाणी पी," जनू म्हणाला. "आणि उद्या हर्षदला इकडं पाठव. नाय नाय ते बोललो त्याला, माफी मागायचीय. त्याच्यासंगं तू येऊ नको."

परतीच्या गाडीला दोन तास होते. केरू स्टेशनवर जाऊन बसला. पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं.