उजव्या गालाचा लेप

आता सांगायला काय हरकत आहे! मी जळत होते. माझ्या धाकट्या जावेवर.

ग्वाल्हेरचं राज्य जाऊन मध्यभारत झाला, तेव्हा धाकट्या दिरांची बदली झाली आणि ती आमच्या फ्रीगंजच्या घरात आली. मॅट्रिक झालेली. मी चौथी पास. पण मुरुमांवरचा लेप घरात माझाच चालायचा. शेजारणीसुद्धा वाटी घेऊन यायच्या, "भाभी, थोडा लेप देना."

त्यात नणंदेला बघायला महिन्याभराने देवासची मंडळी यायची होती, आणि पोरीचं तोंड मुरुमांनी भरलेलं. माझा लेप म्हणजे जायफळ, हळद, साय. जाऊ म्हणाली, "जाऊबाई, सायीने वाढतात हो मुरुमं." तिने शहरातल्या देवास गेटच्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून लोध्राची साल आणली, कडुनिंबाचा पाला आणि हळद घालून वाटली, आणि आधी स्वतःच्या कोपराच्या आत लावून दिवसभर बसली. आग होते का ते बघायला म्हणे. नखरे नुसते!

सासूबाईंनी निवाडा केला, "उजवा गाल मोठीचा, डावा धाकटीचा. बघू कोणाचा चालतो."

आठ दिवसांत डावा गाल निवला. उजवा माझ्यासारखाच फुगून बसला. नणंद आरशात बघून म्हणाली, "मोठी वहिनी, मंडळी आली की मी तिरकीच बसू का?" सगळ्या हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे हं." झालं!

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली तशी मी माझा लेप मोरीत ओतला. तिच्या लेपातला अर्धा घेतला, रंगाला हळद टाकली, वासापुरतं जायफळ उगाळलं. तिच्या वाटीत कमी दिसू नये म्हणून पाणी घातलं. मग रोज तेच. मंडळी होकार देऊन गेली तेव्हा उजवा गाल डाव्याहून साफ होता.

जाऊ धावतच आली. "हरले हो मी, जाऊबाई! काय घातलंत? जायफळाचीच करामत ना?"

"हो," मी म्हटलं, "जायफळच."

तेव्हापासून ती आपल्या लेपात जायफळ घालत राहिली. वाटी घेऊन येणारीला हसत सांगायची, "कृती आमच्या जाऊबाईंची." मी आतून ऐकायची. हरल्यावर इतकं मोकळं हसता येतं कसं, याचाही मला हेवाच वाटायचा. अजून वाटतो.