जैनुद्दीनने चालू केलेला फुटबॉल

१७ सप्टेंबर १९७९ रोजी बहरीनमधल्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल खात्यात दोनशे त्रेचाळीस दिनार सहाशे पन्नास फिल्स शिल्लक होते, आणि त्याच दिवशी दुपारी विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. कारण दिलं काटकसर. पुढच्या आठवड्यात डीनसाहेबांच्या खोलीला नवे पडदे लागले. बिल दोनशे चाळीस दिनार. काटकसर ती हीच.

निर्णय घेणाऱ्या समितीत पाच जण होते. त्यांतल्या एकाने शाळेत असताना हॉकी खेळल्याची अफवा होती. बाकीच्या चौघांवर तसा आळही कुणी घेतला नव्हता. ठरावात 'शैक्षणिक दर्जा', 'साधनांचा सुयोग्य वापर' असे भारदस्त शब्द होते. खरं कारण शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ऑगस्टात कप्तान जासिमने मारलेला एक चेंडू कुंपणाबाहेर गेला होता आणि डीनसाहेबांच्या नव्या गाडीची पुढची काच घेऊनच थांबला होता. डीनसाहेब स्वतः दर शुक्रवारी अवालीला वाळूतलं गोल्फ खेळत. तिथला चेंडू लहान असतो.

फुटबॉल मेला याचं जैनुद्दीन बुरोंडकरला काडीचंही दुःख झालं नाही. तो खेळाच्या सामानाचा स्टोअरकीपर. मूळचा हर्णैचा, वय अठ्ठेचाळीस, कॉलेजात आठ वर्षं झालेली, गुदैबिया मोहल्ल्यात आणखी चौघांबरोबर एका खोलीत राहणारा. आयुष्यात त्याने चेंडूला पाय लावला नव्हता. खेळाबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं : "बावीस धट्टेकट्टे गडी एका चामड्याच्या फुग्यामागे जीव तोडून धावतात, आणि तो मिळाला की लाथ मारून परत घालवतात. घालवायचाच होता तर मिळवलात कशाला?"

त्याला जीव होता तो स्टॉक रजिस्टरचा. प्रत्येक वस्तूला एक कार्ड, प्रत्येक देण्याघेण्याला सही. शिट्टी न्यायची तरी सही. सामना सुरू व्हायची वेळ झाली, पंच ओरडतोय, तरी खिडकीपाशी अकरा जणांची रांग उभी, आणि हा एकेकाकडून बुटांची सही घेतोय, असं दृश्य कॉलेजने अनेकदा पाहिलं होतं. पोरं त्याला मागे 'मफी' म्हणत. मफी म्हणजे नाही. त्याच्या तोंडी तो शब्द सगळ्यांत जास्त असे.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसातला सुपरिटेंडेंट शिवदास कुडाळकर चहाचा ग्लास घेऊन स्टोअरच्या खिडकीत येऊन उभा राहिला. दोघांचं नातं एकमेकांना टोमणे मारण्याचं, म्हणजे घट्ट.

"काय जैनूभाई, तुझो फुटबॉल मेलो मां?"

"मरू दे. जिवंत होता तेव्हा कुठे कधी गोल मारलान?"

"हसतंस काय, मेल्या? तुझी पोस्ट बजेटातल्या खयच्या हेडाखाली आसा, ठाऊक आसा?"

जैनुद्दीनचा हात कार्डावर थांबला. "स्टोअर्स."

"स्टोअर्स नाय. फुटबॉल. एकाहत्तर सालापासून तुझो पगार फुटबॉलच्या हेडातून जाता. हेड खलास, पोस्ट खलास. तीस जूनला काँट्रॅक्ट संपता. नवीन होवचा नाय." शिवदासने उरलेला चहा संपवला आणि पुढचं जरा हळू सांगितलं. "फाइलीवर मीच टिपण लिवलंय. काय करतलंय, लिवक लावलानी."

पोस्ट गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की विमान. पन्नाशीला टेकलेल्या स्टोअरकीपरला बहरीनमध्ये दुसरी नोकरी द्यायला कुणी टपून बसलेलं नव्हतं. घरी हर्णैला त्याच्या पत्नी मुनीराभाभी दर महिन्याच्या ड्राफ्टवर घर चालवत होत्या, आणि थोरली मुलगी शमा रत्नागिरीला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. कोर्स दोन वर्षांचा. म्हणजे जैनुद्दीनला जूननंतर निदान आणखी एक वर्ष तरी पगार हवाच होता, आणि त्यासाठी ज्या खेळाची त्याने जन्मभर टिंगल केली तो खेळ जिवंत व्हायला हवा होता. अल्लामियाँला विनोदबुद्धी आहे, एवढंच तो त्या दिवशी म्हणाला.

दुसरा कुणी असता तर अर्ज-विनंत्या करत फिरला असता. जैनुद्दीनने रजिस्टर उघडलं.

बंदीच्या परिपत्रकात शेवटची ओळ होती : सर्व साहित्य स्टोअरला जमा करावे. ते त्याने जमा करून घेतलं आणि मोजलं. जर्सी एकतीस, चेंडू नऊ, जाळ्या दोन, शिट्टी एक. आणि बूट चोवीस जोड, करकरीत, खोक्यातून बाहेरही न निघालेले. खरेदीची तारीख २६ ऑगस्ट. म्हणजे फुटबॉल बंद करायच्या तीन आठवडे आधी विद्यापीठाने चोवीस जोड बूट घेतले होते, आणि मंजुरीवर सही डीनसाहेबांची होती. काच फुटायच्या आधीची.

त्याने ऑडिटरच्या नावे अर्ध्या पानाचं टिपण टाइप केलं. माल उत्तम स्थितीत विनावापर पडून आहे. किंमत चारशे अठरा दिनार दोनशे फिल्स. तो वापरणार कोण, किंवा बुडीत खाती टाकायचा तर राइट-ऑफवर सही करणार कोण, हे कळावे. तोवर जबाबदारी कुणाची, हेही कळावे.

शिवदासने ते दोनदा वाचलं. "जैनू, ह्यां पत्र नाय. सुरुंग आसा."

"मी नुसतं विचारलंय."

"तांच तर वायट."

ऑडिटर एप्रिलमध्ये आला आणि बाकीचं सोडून नेमका त्या टिपणावर बसला. फुटबॉल बंद करायचा होता तर बूट का घेतले? बूट घेतले होते तर फुटबॉल का बंद केला? जो राइट-ऑफवर सही करील तो चारशे दिनारांची उधळपट्टी स्वतःच्या नावावर लिहून घेणार, हे न कळण्याइतकं कुणीच अडाणी नव्हतं. ठराव करताना पाचही हात झटक्यात वर गेले होते. आता एकाचंही पेन चालेना. कुणाला अचानक सुट्टीवर जायचं आठवलं, कुणाला पाठदुखी. तिठ्यावर ठेवलेल्या उताऱ्यासारखी ती फाइल झाली. जो तो लांबून बघायचा आणि वळसा घालून पुढे जायचा.

शेवटी डीनसाहेब स्वतः स्टोअरमध्ये आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"मिस्टर बुरोंडकर, यातून मार्ग काय?"

"माल वापरात आला की ऑडिटचा प्रश्न मिटला, सर."

"म्हणजे नक्की काय करायचं?"

"कुणीतरी बूट घालून पळालं पाहिजे, सर."

डीनसाहेबांनी बुटांच्या खोक्यांकडे असं पाहिलं, जणू काही ते जैनुद्दीननेच रात्रीतून शिवले असावेत. मग अटी सांगितल्या. संस्था आणि कंपन्यांच्या साखळी स्पर्धेची नावनोंदणी पंधरा मेला बंद होत होती. तोवर अकरा नावं हवीत, सगळी कॉलेजच्या खऱ्या विद्यार्थ्यांची. पहिला सामना पुरता खेळला गेला पाहिजे. पैसा एक फिल्सही मिळणार नाही. हे जमलं तर हेड चालू आणि पोस्टही चालू. नाही जमलं तर तीस जून.

काही न देता सगळं मागायचं, याला मोठी माणसं व्यवस्थापन म्हणतात.

पुढच्या शुक्रवारी जैनुद्दीन बसने मुहर्रकला गेला. जासिम तिथे चहाच्या दुकानात डॉमिनोज खेळत बसला होता. कॉलेजचं पोर, पण आता आपल्या मोहल्ल्याच्या क्लबाकडून खेळत होतं. जैनुद्दीनला बघून तो मित्रांना हिंदीत म्हणाला, "देखो, देखो, मफीसाहब आया!"

"बैठने को बोलेगा, या सही चाहिए?" जैनुद्दीनने विचारलं.

जासिम हसला, पण खुर्ची दिली नाही. त्यांचं बोलणं नेहमीप्रमाणे हिंदी-अरबीच्या खिचडीत झालं. आता आठवण आली? बंद केला तेव्हा कुठे होतास? आम्हाला बॉल देताना तर तुझा जीव जायचा.

"तुमचा खेळ मला आवडत नाही," जैनुद्दीन उभ्या उभ्याच म्हणाला. "आधी आवडत नव्हता, आता त्याहून नाही. मला माझी नोकरी पाहिजे. तुला काय पाहिजे ते तू बघ. पण डीनच्या डोळ्यांदेखत त्याच्याच मैदानात खेळायचं असेल, तर बॉल मी देतो. सही घेऊनच."

त्या दुकानात महाविद्यालयीन क्रीडाभावनेवर कुणी भाषण दिलं असतं तर पोरांनी त्याला चहाही पाजला नसता. ही गोष्ट मात्र जासिमला पटली. त्याने खुर्ची पुढे सरकवली. आठवड्याभरात नऊ जण जमले.

दोन कमी पडले. बाकीचे जुने खेळाडू एक तर पास होऊन गेले होते, नाही तर म्हणत होते की बंद पडलेल्या दुकानात आम्ही परत पाय ठेवत नाही. तेरा मे उजाडला तरी नऊचे दहा होईनात. जैनुद्दीनने मग आपल्या गल्लीत नजर टाकली. खोलीखालच्या हॉटेलात इक्बाल नावाचा खेडचा तरुण पराठे लाटायचा. पूर्वी कबड्डीत नावाजलेला. लाँड्रीची गाडी चालवणारा गुहागरचा शंभू त्याचा जोडीदार. दोघांना त्याने कॉलेजच्या संध्याकाळच्या टायपिंग वर्गात नाव घालायला नेलं. टायपिंगचा विद्यार्थी हाही विद्यापीठाच्या नियमाने खराच विद्यार्थी. फी दोघांनी आपली आपण भरली, कारण पायात आयुष्यातले सगळ्यांत महाग बूट यायचे होते.

फॉर्म शिवदासच्या टेबलावर गेला. त्याने इक्बालच्या हातावरचं पीठ पाहिलं, मग जैनुद्दीनकडे पाहिलं.

"हो टायपिंग शिकतलो?"

"शिकेल. दहा बोटं आहेत."

"आणि ह्यो?"

"तो गाडी चालवतो. कीबोर्डही चालवील."

"जैनू, माझी नोकरी घालवशीत मेल्या," असं म्हणत शिवदासने शिक्का मारला. पंधरा तारखेला दुपारी बारा वाजता अकरा नावं दाखल झाली.

सहा जूनला पहिला सामना. सकाळी कळलं, मैदानावर रेषा नाहीत. मैदान खात्याचा मुकादम सांगू लागला, आमच्या कागदात फुटबॉल अजून बंद आहे, चुना मिळणार नाही. पंचाने आदल्या दिवशीच बजावलं होतं की रेषा नसतील तर सामना नाही. जैनुद्दीनने बाजारातून चुन्याच्या दोन गोण्या टॅक्सीत घालून आणल्या, सुतळी लावली, टेप धरला आणि चार तास उन्हात वाकून स्वतः रेषा ओढल्या. अख्ख्या बहरीनमध्ये त्या दिवशी इतक्या सरळ रेषा दुसऱ्या कुठल्याही मैदानावर नव्हत्या. पाच वाजता खिडकीपाशी रांग लागली. अकरा सह्या झाल्या. बूट गेले.

समोर एका जहाज कंपनीची टीम होती. पहिल्या वीस मिनिटांत चार गोल झाले. गोलकीपर शंभू प्रत्येक वेळी चेंडूच्या उलट्या दिशेला उडी मारत होता, अगदी शिस्तीत. दुसऱ्या अर्ध्यात चेंडू घेऊन येणाऱ्या एका उंच गड्याला इक्बालने कमरेत मिठी घातली आणि तोंडाने कबड्डी कबड्डी करत रेषेपर्यंत ओढत आणलं. पंच शिट्टी वाजवायची विसरला. प्रेक्षकांत आलेले गुदैबियातले पन्नास-साठ लोक मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग पेनल्टी, आणि सातवा गोल.

जैनुद्दीन बाकावर रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता. गोल किती झाले ते त्याने मोजलं नाही. चेंडू कुंपणाबाहेर गेला तेवढ्याच वेळा तो उठला. डोळा होता तो घड्याळावर. पंचाहत्तराव्या मिनिटाला कॉलेजचा एक खेळाडू लंगडत बाहेर येऊ लागला, तसा, एकामागे बाकीचेही निघतील या धास्तीने जैनुद्दीन रेषेपर्यंत धावत गेला.

"कुठे चाललास? यल्ला, आत!"

"पाय दुखतो."

"मग दुसऱ्या पायावर उभा राहा! मारू नकोस, नुसता उभा राहा!"

त्याच्या नोकरीतली ती सगळ्यांत लांब पंधरा मिनिटं. शेवटची शिट्टी झाली. सात-शून्य. हरलेली टीम वाळूत आडवी पडली होती, जिंकलेली डोकं धरून हसत होती, आणि पूर्ण मैदानात एकच माणूस पंचाचा हात हातात घेऊन 'शुक्रन, शुक्रन' म्हणत होता. मग तो खिडकीमागे गेला आणि बूट परत मोजून घेतले.

पोस्ट चालू राहिल्याचं पत्र चोवीस जूनला आलं. त्यात त्याचं आडनाव चुकलं होतं. ते त्याने दुरुस्त करून घेतलं, कारण चुकीच्या आडनावावर व्हिसा निघत नाही.

त्या वर्षीच्या अहवालात डीनसाहेबांनी लिहिलं की खेळ हा शिक्षणाचा आत्मा आहे असं ते पहिल्यापासून मानत आले आहेत, आणि म्हणूनच त्यांनी पुढाकार घेऊन फुटबॉलचं पुनरुज्जीवन केलं. समितीच्या पाचही जणांचे आभार मानले होते. टीमच्या फोटोत मध्यभागी डीनसाहेब, पायाशी चेंडू. त्या चेंडूसाठी रजिस्टरात सही त्यांची नव्हती, जासिमची होती. फोटो निघाला तेव्हा जैनुद्दीन आत जर्सी मोजत होता, आणि त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

त्या मोसमात टीमने एकही सामना जिंकला नाही. इक्बालचं टायपिंग मिनिटाला चाळीस शब्दांवर गेलं आणि त्याला अदलियात एका ऑफिसात नोकरी लागली. या सगळ्या प्रकरणात शिक्षण म्हणावं असं तेवढंच झालं. १९८३ साली टीम उपांत्य फेरीत पोचली. जैनुद्दीनला ते जर्सींच्या धुलाईचं बिल वाढलं तेव्हा कळलं. १९८६ च्या मेमध्ये तो चार्ज देऊन हर्णैला गेला. चार्ज देताना एक शिट्टीसुद्धा कमी भरली नाही.

चुन्याचं बिल त्याने सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी सादर केलं होतं. पूर्वमंजुरी नसल्याच्या शेऱ्यासह ते तीन वेळा परत आलं. दोन दिनार आठशे फिल्स विद्यापीठाकडून अजून येणे आहेत.