गेटवरची फुंकणी आणि आल्याचं पाणी

कंपनीच्या बसमध्ये, चाकणचं गेट दोन मिनिटांवर असताना, बुद्धभूषणनं बाटलीचं झाकण उघडलं. चूक सर्वस्वी त्याची. मोशीच्या घरातून निघताना त्याच्या बायकोनं, श्रद्धानं, बाटली अंगठ्यानं दाबून बजावलं होतं, "दगड झालाय हिचा. इथंच मोरीत उघडा, वाटेत नको." पण साडेआठला कायम होण्याची मुलाखत होती, छातीत जळजळत होतं, आणि जळजळीवर त्याचा स्वतःच्या आल्याच्या पाण्याखेरीज कशावर विश्वास नव्हता. झाकण फिस्स करून सुटलं. पुढच्याचा शर्ट वाचवायला त्यानं बाटलीला तोंड लावलं आणि अर्धी बाटली घशाखाली घातली. उरलेली सीटनं प्यायली.

ही विद्या त्यानं रात्रपाळीच्या ॲसिडिटीपायी मोबाइलवर बघून कमावली होती. आलं सालीसकट किसायचं, साखर-पाणी घालून बरणीत ठेवायचं, मग रोज चमचाभर आलं, चमचाभर साखर. सहाव्या दिवशी बरणी बुडबुडे सोडते. ते झालं विरजण. आलं-साखर उकळून गार केलेल्या पाण्यात लिंबू पिळायचं, विरजण गाळून घालायचं, प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं. बाटली हाताला घट्ट लागली की फ्रिजमध्ये. या खेपेला मुलाखतीच्या तयारीत फ्रिज राहून गेला.

आलं सहा दिवसांत तयार व्हायचं. बुद्धभूषण सहा वर्षांत झाला नव्हता. तो क्वालिटीत पार्ट मोजायचा. सात महिने झाले की ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवं आयकार्ड आणि तेच जुनं टेबल. गळ्यातलं धरून अशी नऊ कार्डं जमली होती. सोडून जावं, तर 'आता अगदी तोंडावर आलंय' असं कुणीतरी सांगायचं. तोंडावर येऊनही चार वर्षं झाली होती. वडील पिंपरीत कायम म्हणून रिटायर झालेले, आणि फोनवर त्यांचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचा.

गेटवर दारू तपासायचं यंत्र होतं. कामगार त्याला फुंकणी म्हणत. सिक्युरिटीतला जयसिंग, पन्नाशीचा, जवळच्याच गावचा, ती रोज प्रत्येकाच्या तोंडापुढं धरायचा. आज बुद्धभूषणनं फुंकलं आणि ती वाजली. मागची रांग एकदम गंभीर झाली, म्हणजे हसू दाबू लागली.

"सकाळीसकाळी, राव?" जयसिंग म्हणाला.

"आल्याचं पाणी आहे, जयसिंगभाऊ. घरचं. जरासं आंबतं, ते तोंडात राहिलंय. पंधरा मिनिटांत जाईल."

"समदे औषधच घेत्यात. बस आत."

नियम असा होता, की वाजली तर केबिनमध्ये वीस मिनिटं बसायचं आणि पुन्हा फुंकायचं. पुन्हा वाजली तर घर. पण नाव मात्र पहिल्याच वेळी लाल रजिस्टरात चढायचं, आणि लाल रजिस्टरातल्याला वर्षभर कायम करत नसत. केबिनला दोन दारं होती, एक रस्त्याकडं, एक कंपनीकडं. बुद्धभूषणला दोन्ही बंद. घड्याळात आठ वीस झाले होते. त्यानं चार वेळा चूळ भरली.

जयसिंगनं रजिस्टर उघडलं, पेन झटकलं. "ह्ये चालत न्हाई," म्हणाला, आणि दुसरं पेन शोधायच्या भानगडीत पडला नाही.

तेवढ्यात बुद्धभूषणला फुंकणीच्या पाठीवरचं स्टिकर दिसलं. यंत्र तपासून घ्यायची तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटली होती. क्वालिटीतला माणूस, त्याची नजर आधी तिथंच जायची. तारीख गेलेल्या यंत्राचं माप धरत नाहीत. एवढं एक वाक्य बोललं की तो मोकळा, थेट मुलाखतीला. फक्त नंतर विचारणा फुंकणीला झाली नसती.

"जयसिंगभाऊ, हे स्टिकर..."

जयसिंगनं चष्मा लावून तारीख वाचली. मग चष्मा काढून खिशात ठेवला. त्याचंही कार्ड सात महिन्यांचंच.

"...तिरकं लागलंय," बुद्धभूषण म्हणाला. "सरळ लावून घ्या."

मग दोघंही घड्याळाकडं बघत बसले. साडेआठ झाले. साडेआठनंतर काटा उगाच घाई करू लागला. आठ चाळीसला जयसिंगनं फुंकणी पुढं केली. शून्य. लाल रजिस्टरातलं पान कोरंच राहिलं.

"पळ आता. आणि एक बाटली राहिली बरं का तुझ्याकडं. बघू तरी, काय एवढं पितोस ते."

"उद्याच आणतो, भाऊ."

तो धापा टाकत वर पोहोचला, तेव्हा एचआरच्या अनुया मॅडम फाइल बांधत होत्या. "तुमचं नाव दोनदा पुकारलं. साहेब निघाले. पुढच्या यादीत बघू. आता अगदी तोंडावर आलंय तुमचं."

"उशीर का झाला ते सांगू का?"

"लेखी द्या."

लेखी द्यायचं तर फुंकणी आली, जयसिंग आला, तारीखही आली. त्यानं दिलं नाही.

त्याच दिवशी पाळी सुटायच्या आत बसवाल्यानं चिकट सीटची तक्रार केली आणि गेटवर सूचना लागली: घरगुती पेय आत आणण्यास सक्त मनाई. बॅगा उघडून बघायचं काम जयसिंगकडंच आलं. त्याची ड्युटी बारा तासांची, बसच्या आधी यायचा आणि बस गेल्यावर सुटायचा, त्यामुळं गेटाबाहेर गाठ पडत नाही.

बुद्धभूषणचं दहावं कार्ड आलं. रोज सकाळी तो फुंकतो, शून्य येतं, जयसिंग त्याच्या बॅगेत हात घालून डबा वरखाली करतो.

"बाटली?"

"देणार, भाऊ."

"व्हय," म्हणून जयसिंग चेन लावतो आणि मागच्याला पुढं बोलावतो.