तसबिरीची मागची बाजू

खिळेताईंचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नाही. काम करताना त्या बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात, म्हणून हे नाव पडलं. "खिळे असतात तोवरच शांतता," असं त्यांची वहिनी म्हणते. तसबिरी मढवण्याचं वडिलांचं दुकान त्या चाळीस वर्षं एकट्याने सांभाळताहेत. चित्र कितीही मोठ्या माणसाचं असो, आधी ते पालथं करून बघायचं, ही त्यांची सवय.

एका सकाळी मोठ्या बाई दुकानात आल्या. खिळेताईंना शाळेत शिकवलेल्या, पुढे मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. आता त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण त्या आत आल्या की खिळेताई अजून उठून उभ्या राहतात.

"खिळे काढ तोंडातले," बाई म्हणाल्या. "संग्रहालयात जायचंय."

प्रकरण असं होतं. बाईंच्या आईने काढलेलं एका गृहस्थांचं तैलचित्र घरात होतं. आईची बाकीची चित्रं घर बदलताना कुठे गेली, कुणाला पत्ता नव्हता. चित्रातले गृहस्थ म्हणजे ते प्रसिद्ध कादंबरीकार, शेजारीच राहायचे, असं वडील सांगत. आई त्यावर काही बोलत नसे. आता संग्रहालयात त्या लेखकाचं दालन व्हायचं होतं. चित्र त्यांचंच ठरलं, तर ते तिथे लागणार आणि खाली चित्रकार म्हणून आईचं नाव येणार. बाईंना लेखकाचं तेवढं काही नव्हतं. त्यांना ते खालचं नाव बघायचं होतं.

सगळी मदार तसबिरीमागच्या चिठ्ठीवर होती. मागच्या फळीवर चिकटवलेल्या त्या चिठ्ठीवर शाईने लेखकाचं नाव आणि साल लिहिलेलं होतं. हस्ताक्षरतज्ज्ञांनी तो चित्रकर्तीचाच हात ठरवला होता. चौकटीवर खिळेताईंच्या दुकानाचा शिक्का होता. तसबीर मढवल्यापासून कुणी उघडलेली नाही, एवढंच त्यांनी लिहून द्यायचं होतं.

"इथे सही करा, ताई," संग्रहालयाचे अधिकारी म्हणाले. बाई समोरच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन, ताठ बसल्या होत्या.

खिळेताईंनी तसबीर पालथी केली. चिठ्ठी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. सही करायला एक मिनिट लागलं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे अक्षर माझं आहे."

"म्हणजे?"

"या चिठ्ठीवरच्या साली मी चौदा वर्षांची होते. ते लेखक त्याच साली वारले. त्यांचं छापील चित्र लोक खूप नेत. आम्ही तयार तसबिरी भिंतीकडे तोंड करून रचायचो, काचेवर चरे नकोत म्हणून. मग आत कोण आहे ते कळावं, म्हणून मागे चिठ्ठी. त्या मी लिहायची. न खपलेल्या तसबिरी दादा, म्हणजे आमचे वडील, पुढच्या वर्षी खोलत, आणि फळी कापून दुसऱ्या कामाला लावत."

"तज्ज्ञांनी तर प्रौढ अक्षर म्हटलंय."

"दादा मागे उभे असायचे. वेडंवाकडं लिहायची सोय नव्हती."

त्यांनी बोटाने दाखवलं. फळीच्या तीन कडांना जुन्या खिळ्यांची रिकामी भोकं होती, चौथी कड करवतीने कापलेली होती. "ही फळी आधी दुसऱ्याच तसबिरीची होती. आणि गिऱ्हाइकाच्या चित्रामागे आम्ही गिऱ्हाइकाचं नाव लिहितो, चित्रातल्याचं नाही."

बाईंनी चिठ्ठी वाचली. "चार वर्षं तुझ्या वह्या तपासल्या मी," त्या म्हणाल्या. "मला ओळखू यायला हवं होतं."

"बाई, उघडू का?"

बाईंनी मानेनेच हो म्हटलं. खिळेताईंनी एकेक खिळा उचकटून फळी काढली. आतलं कापड चित्रांसाठी मिळतं तसलं नव्हतं. साधं सुती, एका कडेला शिवण, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याने भरलेली तीन पानं.

बाई उठून जवळ आल्या. "हा आमच्या उशीचा अभ्रा. आईने भरलेला. याचा जोडीदार अजून माझ्या कपाटात आहे." त्यांनी पानांवर बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

अधिकाऱ्यांनी नोंद केली: चित्र कुणी काढलं, याबद्दल शंका दिसत नाही. चित्रातले गृहस्थ कोण, याला पुरावा नाही. "म्हणजे लेखकाच्या दालनात..." ते अडखळले.

"कळलं," बाई म्हणाल्या.

परतताना बसमध्ये तसबीर दोघींच्या मांड्यांवर आडवी होती.

"गप्प बसली असतीस तर?"

"कळल्यावर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतंत."

"मला कधी कळलं असतं?"

"तेही खरंच."

बाई हसल्या नाहीत. तिसऱ्या थांब्यावर त्या म्हणाल्या, "मागे नवी फळी लाव. कोरी. आणि आईचं नाव पुढून लाव, खालच्या पट्टीवर. दुरून वाचता येईल असं."

"आणि गृहस्थांचं?"

"आपल्याला माहीत आहे का?"

"नाही."

"मग झालं."

आता ते चित्र बाईंच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत येताच समोर दिसेल असं लावलंय. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे कोण?"

"आईनं काढलंय," बाई सांगतात.

कुणाला वाटतं, म्हातारपणी कमी ऐकू येत असेल. तो आवाज चढवून पुन्हा विचारतो. बाई शांतपणे पुन्हा तेच सांगतात.