डॉक्टरनं घेतलेला बहार

धंतोलीच्या डॉक्टरनं मला फसवलं, आणि तेही माझ्याच धंद्याच्या आडून. बाजारात सडक्या संत्र्यांचा आंबूस वास आला की नरखेडकडची ती दुपार आठवते. आमच्या कबड्डी लीगमध्ये खेळाडूंच्या मानधनावर सगळ्या संघांना सारखीच मर्यादा होती. मी आणि डॉक्टर, दोघंही संघमालक, बोलीत त्या मर्यादेपर्यंत गेलो, तरी मी घडवलेला चढाईपटू त्याच्या संघात गेला. मी हातगाडीवर संत्री विकून वर आलेला, आता संत्र्यांचा व्यापारी. तडक त्या पोराच्या गावी गेलो. बगिच्यात झाडं जवळपास रिकामी, बुंध्यांशी गळालेल्या फळांचा सडा. पोराचा बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेबानं पुरा बहार घेतला, झाडावरचं सारं फळ, शेठ. तुम्ही व्यापारी देता त्याच्या दुप्पट भावानं." मी म्हणालो, "या गळालेल्या बहाराले? काहून गा, पेशंटले सडकी संत्री चारून राहिला का तो?" म्हणजे मानधन नियमात आणि वरचा पैसा संत्र्यांच्या नावानं. अंतिम सामन्यानंतर त्या पोरानं डॉक्टरला खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवलं. त्या खांद्यावर मी असायला हवा होतो, हे आजही गिळवत नाही. लीगच्या समितीनं डॉक्टरला समोर बसवून एवढंच विचारावं: तो बहार तू कोणत्या बाजारात विकलास?